मुर्तिजापूरचा सामाईक खांब

२७ ऑक्टोबर १९४६, अमरावती

रमे, तुझी प्रकृती कशी आहे? पाय सुजतात का? सहावा सरत आला, आता सकाळचं ओकणं थांबलं असेल. जावईबुवांची प्रकृती कशी आहे? आणि त्यांचा राग कसा आहे? तो अंगानं चांगला भरला असेल. तुझ्या मामंजींचा, मोरोपंतांचा, दमा थंडीनं वर आला असेल. छातीला कोमट तिळाचं तेल चोळा म्हणावं. विहीणबाईंचा खोकला कसा आहे? त्यांची जीभ कशी आहे ते विचारत नाही. ती ठणठणीत असणारच.

हे पत्र नव्हे, वही आहे. पण मला दुसरी सुरुवात येत नाही. मी अक्षरं गिरवली ती हरिहरच्या पाटीवर, चुलीशी बसून, भाकरी उलटता उलटता. त्यानंतर जन्मभर पत्रांखेरीज काही लिहिलं नाही. परवा हरिहरनं कंपनीची ही कोरी वही आणून दिली. म्हणाला, "आई, तुझ्या डोक्यात जे साठतं ते ह्यात ओत. मला जेवताना नको." तर ओतते. अकोल्याच्या पत्रात ओतायची सोय नाही. तिथं पत्र गेलं की विहीणबाई अनसूयाबाई आधी स्वतः वाचतात, मग घराला मोठ्यानं ऐकवतात, आणि मग उरलंसुरलं माझ्या लेकीच्या हाती पडतं.

काल भाऊबीज झाली. रमा आली नाही, जावई आले नाहीत, हरिहर गेला नाही. अनारसे गंगूबाईच्या घरी पोचवले. ही गंगूबाई आमच्या मागल्या आळीतली सुईण. अनारसा मोडत मला म्हणाली, "काकू, तुमचे दोघं पोट्टे तारेसाठी भांडून राह्यले, अन् दिवाळी आमची गोड झाली. भांडू द्या."

तार म्हणजे विजेची तार. माझा हरिहर इथल्या वीज कंपनीत इंजिनिअर. जावई कमलाकांतराव अकोल्याला सरकारी वीजखात्यात इंजिनिअर. कंपनीची इंजिनं तेलावर चालतात आणि लढाईपासून तेल मिळत नाही. सरकारकडे नवं वीजघर आहे, पण गिऱ्हाईक नाही. तेव्हा अकोला ते अमरावती एक तार ओढावी, ज्याला कमी पडेल त्याला दुसऱ्यानं द्यावी, असं नागपुरातल्या साहेबाच्या डोक्यात आलं. चांगलं आलं. शेजारणी विरजण देतात तसं. पण विरजण द्यायला दोन बायका लागतात; इथं दोन इंजिनिअर आहेत.

दसऱ्याच्या मीटिंगमध्ये हरिहर साहेबासमोर म्हणाला, "सरकारी खांब उभे राहीपर्यंत आमची इंजिनं म्हातारी होऊन मरतील." त्यावर जावई म्हणाले, "मरायची कशाला? मेलीच आहेत. तुम्ही फक्त सुतक पाळत नाही एवढंच."

झालं. त्या दिवसापासून मेहुण्या-मेहुण्यांत बोलणं नाही. शिकलेली माणसं हो ही!

९ नोव्हेंबर

नत्थुजी दळण घेऊन आला. मूळचा वलगावचा, शेती भावाकडे सोडून इथं विजेवरची पिठाची गिरणी चालवतो. बडनेऱ्याच्या पुढं कोणाच्या तरी लग्नाची बोलणी करून आला होता.

"काकू," म्हणाला, "तिकडं रस्त्याच्या दोन्ही अंगानं खांब उभे राह्यले. इकडून कंपनीचे, तिकडून सरकारचे. मले वाटलं वरात येऊन राह्यली कोनाची, म्हनून बैल थांबवले."

रात्री हरिहरला विचारलं, "का रे, एका रस्त्याला दोन रांगा कशाला?"

"सरकार म्हणतं आमच्या खांबावर तुमची तार नको. आम्ही म्हणतो तुमच्या खांबावर आमची तार द्यायला आम्ही वेडे नाही."

"पण वीज तर एकाच गावाला जायची ना?"

"आई, तुला ह्यातलं कळत नाही."

नसेल कळत. पण एका मांडवात दोन बोहली घातलेली मी अजून पाहिली नाहीत.

मांडवावरून आठवलं. रमेच्या लग्नात विहिणींची पंगत बसली होती. आमच्याकडची नवखी सून वाढत होती. तिनं मीठ आपल्या डाव्या हाताला वाढलं. समोरून वाढणारीची डावी ती जेवणारीची उजवी, हे पोरीच्या ध्यानात आलं नाही. पानात मीठ जेवणाऱ्याच्या डावीकडे लागतं. दुसरी कोणी असती तर बोटानं सरकवून जेवली असती. अनसूयाबाईंनी पान तसंच ठेवलं आणि साऱ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाल्या, "अमरावतीस मीठ उजवीकडे वाढतात वाटतं!" चार वर्षं झाली. मी विसरले आहे.

२४ नोव्हेंबर

विहीणबाईंचं पत्र आलं. अक्षर बरं आहे, मजकूर नाही. "चि. सौ. रमेचे बाळंतपण येथेच करावे असे आम्ही ठरविले आहे. येथे लेडी डॉक्टर आहे. तुमच्याकडे गंगूबाईच ना?"

गंगूबाईच. अर्ध्या अमरावतीच्या नाळा जिनं कापल्या ती गंगूबाईच.

पहिलं बाळंतपण माहेरी होतं. हे मी ठरवलं नाही आणि अनसूयाबाईंनीही ठरवायचं नाही. आणि दुसरं जे आहे ते मी कुणाशी बोलत नाही, वहीत लिहिते. माझी थोरली वच्छला सासरीच गेली, पहिल्याच खेपेला. तिच्याकडेही डॉक्टर होता. मी पोचले तेव्हा तिच्या उशाशी माझ्याच हातचे लाडू होते, डब्याला दोरी बांधलेली होती तशीच. रमा माझ्या डोळ्यांसमोर बाळंत होईल. नाहीतर माझा श्वास चालायचा नाही.

उत्तर लिहिलं. "आपला विचार कळला. रमेस सातव्यात पाठवावे. आठव्यात हलवीत नाहीत हे आपणांस ठाऊक असेलच." शेवटचं वाक्य मुद्दाम घातलं. ते मोठ्यानं वाचताना त्यांना खोकला यावा.

हरिहर म्हणाला, "आई, थोडं गोड लिहायचं. आपली मुलगी तिथं आहे."

मी म्हटलं, "आधी तू खांब गोडीनं लाव."

६ डिसेंबर

सातवा सरला. रमा आली नाही. जावईबुवांनी सुट्टी नाही म्हणून कळवलं. तार ओढण्याचं काम चालू आहे म्हणे. त्यांच्या तारेला माझ्या लेकीनं खांदा द्यायचा होता का? आता आठवा लागला; ह्या महिन्यात कोणी हलवा म्हटलं तरी मीच नको म्हणेन. राहिला एकटा नववा.

इकडे नागपूरचा साहेब येऊन दोन्ही रांगा पाहून गेला. फार हसला म्हणे. जाताना निकाल देऊन गेला. सरकारनं अकोल्याकडून ओढत यावं, कंपनीनं अमरावतीकडून ओढत जावं, आणि मुर्तिजापूरच्या शिवेवर एका सामाईक खांबावर दोघांनी गाठ मारावी. ज्यादा खांब उपटून टाकावे.

हरिहर तोंड पाडून जेवला. मी म्हटलं, "अरे, अर्धं अर्धं झालं. वाईट काय?"

"अर्धं कसलं? मुर्तिजापूर आमच्यापेक्षा त्यांना जवळ आहे. दोन मैल आम्हाला ज्यादा पडले."

हा माझा मुलगा. ह्याच्या शिक्षणासाठी मी पाटल्या मोडल्या होत्या.

२० डिसेंबर

आता पाटीचं भांडण. सामाईक खांबावर नाव कोणाचं वर? पुढच्या बाजूला कोणाचं? आणि खांबाला पुढची बाजू कोणती? आठ दिवस ह्यावर टायपिंग चाललं होतं. शेवटी दोन पाट्या करायचं ठरलं, एकाच उंचीवर, एक अकोल्याकडे तोंड करून आणि एक अमरावतीकडे. म्हणजे अमरावतीहून जाणाऱ्याला खांब कंपनीचा, अकोल्याहून येणाऱ्याला सरकारचा. आणि खांबाखाली बसणाऱ्या म्हशीला कोणाचाच नाही. तीच सुखी.

मी हरिहरला विचारलं, "काम तरी बोलून करता ना? तो काय करतो ते तुला, तू काय करतोस ते त्याला?"

"बोलायची गरज काय? पुस्तकात आहे तसं करायचं. त्यानंही तेच पुस्तक वाचलंय."

आज बाळंतविड्याची तयारी काढली. जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी शिवली. अळीव निवडले, डिंक तळून ठेवला. पाळणा चुलीत घालायच्या लायकीचा झाला होता, तो सुताराकडे टाकला. रमा येवो न येवो, तयारी माझीच पुरी असली पाहिजे.

८ जानेवारी १९४७

लिहायला बसले आणि हसूच येतंय. रागही येतोय. आधी हसू लिहिते.

आज तार जोडली. मुर्तिजापुरात मांडव, साहेब, हार, सगळं. इकडे कंपनीनं आपली इंजिनं बंद ठेवली आणि अकोल्याकडची वीज अमरावतीत घेतली. संध्याकाळी दिवे लागले. अंबागेटापाशी लोकांनी टाळ्या पिटल्या. एकानं नारळ फोडला. मीही ओट्यावर येऊन हात जोडले. कोणाची का असेना, वीज आहे, उजेड आहे.

तेवढ्यात नत्थुजी धोतराचा सोगा धरून धावत आला, अंगभर पीठ.

"काकू! हरिहरभाऊ कुठी आहेत?"

"मुर्तिजापुरास. काय झालं?"

"माह्यी गिरणी उलटी फिरून राह्यली! जातं उलटं, पट्टा उलटा! गहू टाकला त पीठ यायचं नाव नाही, पट्टा उडून भिंतीले लागला. बाया डबे घेऊन बोंबलून राह्यल्या. मले वाटलं भूतबाधा, म्हनून मी आधी लिंबू कापला."

"लिंबानं काय झालं?"

"काही नाही. लिंबू वाया गेला."

मग कळलं, नुसता नत्थुजी नव्हे. साऱ्या अमरावतीच्या गिरण्या, जिनिंगमधली चाकं, तेलाच्या घाण्यांच्या मोटारी, सगळं उलटं फिरतंय. दिवे तेवढे बिचारे नीट. दिव्याला उलटंसुलटं कळत नाही, म्हणून टाळ्या पडल्या.

१० जानेवारी

काल आणि आज जे झालं ते लिहून ठेवलंच पाहिजे. पुढं कोणी खोटं म्हणेल.

मोठ्या मोटारीला तीन तारा लागतात, आणि त्यांची पहिली, दुसरी, तिसरी अशी ओळ लागते. ओळीतल्या दोन तारांची अदलाबदल झाली की मोटार उलटी फिरते. कंपनीची माणसं अमरावतीहून निघाली, पुढं तोंड करून, डावीकडून एक, दोन, तीन मोजत. सरकारची माणसं अकोल्याहून निघाली, तीही पुढं तोंड करून, डावीकडून एक, दोन, तीन. मुर्तिजापूरच्या खांबाशी दोघं समोरासमोर आले. एकाची डावी ती दुसऱ्याची उजवी. ह्याची पहिली त्याच्या तिसरीला बांधली. मधली तेवढी मधलीला.

म्हणजे मीठच झालं की हो! नवखी सूनसुद्धा एकदा बोलणी खाल्ली की समोरच्याच्या पानातलं मीठ कुठं पडतं ते पाहून वाढते. आणि हे दोघं एकमेकांसमोर उभे होते. नुसतं "तुमची पहिली कोणती?" एवढं विचारायचं होतं. पण विचारलं तर कमीपणा.

बरं, चूक झाली, झाली. पुढचं ऐकण्यासारखं आहे. हरिहरला चूक कळली. साहेबाच्या कानावर जायच्या आत त्यानं आपल्या बाजूच्या दोन तारा गुपचूप बदलल्या. जावईबुवांनाही चूक कळली. त्यांनीही एक खांब अलीकडे, आपल्या बाजूच्या दोन तारा गुपचूप बदलल्या. दोघंही मिशीला पीळ देत, दुसऱ्याची लाज आपण झाकली अशा थाटात घरी परतले. काल सकाळी वीज सोडली. नत्थुजीची गिरणी परत उलटी!

उलट्याचं उलट केलं की सुलट होतं. पण दोघांनी केलं की परत उलटंच. ह्याला पुस्तक लागत नाही. तोंड लागतं, आणि ते दोघांनी तीन महिने शिवून ठेवलंय.

गंगूबाईला सांगितलं तर म्हणाली, "दोघंही भले, म्हनून नुकसान. एकजण नालायक असता त काम झालं असतं."

१२ जानेवारी

साहेबानं दोघांना त्या खांबाखाली समोरासमोर उभं केलं आणि म्हणाला, आता मोठ्यानं मोजा. दोघांनी मोजलं, शाळेतल्यासारखं. मग एकानं बदलायचं आणि दुसऱ्यानं हात मागं बांधून उभं राहायचं असं ठरलं. चिठ्ठ्या टाकल्या. हरिहरच्या वाट्याला हात मागं बांधणं आलं. तो म्हणाला, "आई, फार जड गेलं गं. हात नुसते शिवशिवत होते." मी म्हटलं, "जाऊ दे तुझं दुःख." आज नत्थुजीनं सुलट पिठाचा पहिला डबा पोचवला, पैसे घेतले नाहीत.

महत्त्वाचं हे की मेहुण्यांनी एकत्र बसून जेवण केलं. मी हरिहरबरोबर पुरणपोळ्या दिल्या होत्या. जावईबुवांनी तीन खाल्ल्या म्हणे. आणि हसले. आणि म्हणाले, "सासूबाईंना सांगा, रमेला नवव्यात हलवता येतं, पण आई ऐकत नाही. सासूबाईंनीच जरा मोठं मन केलं तर…"

हरिहरनं हे मला सांगितलं आणि वर स्वतःची भर घातली, "आई, कोणीतरी हात मागं बांधायला पाहिजे."

मी चूल सारवत राहिले.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. तिळगूळ वाटून आले आणि ठरवून टाकलं.

मीच अकोल्याला जाते. बाळंतपण तिथं तर तिथं. रमा माझ्या डोळ्यांसमोर असली म्हणजे झालं; छप्पर कोणाचं का असेना. आणि दुसरंही आहे, ते वहीत लपवून काय करू? मी दारात उभी राहीन तेव्हा विहीणबाईंचं तोंड पाहण्यासारखं होईल. एवढी भांडली ती बाई स्वतःहून आली! मग त्यांना जन्मभर माझ्यासमोर खाली पाहावं लागेल. मोठं मन करायचंच तर चांगलं दणदणीत करावं.

कळवणार नाही. गंगूबाई म्हणाली, "काकू, दोन ओळी तरी टाका आधी."

मी म्हटलं, "कळवलं तर त्यांना वाटेल मी परवानगी मागते."

हरिहरला पण सांगितलं नाही. तो जावयांबरोबर खांबाच्या कामाला मुर्तिजापुरातच मुक्कामाला आहे. किल्ली गंगूबाईकडे. डिंकाचे लाडू घरीच राहिले, गाठोडं जड होत होतं. तिथं करीन नवे. बरोबर दशम्या घेते. लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरी जेवायचं नाही हे मी मोडणार नाही. मन मोठं केलंय, म्हणून काय सगळंच सोडायचं?

१७ जानेवारी, अकोला

गाठोड्यावर वही ठेवून लिहिते, अक्षर वाकडं येईल.

सकाळच्या गाडीनं बडनेरा, तिथून मोठी गाडी. बायकांच्या डब्यात बसले. मुर्तिजापूरला गाडी बराच वेळ थांबली, समोरून दुसरी गाडी येऊन उभी राहिली. कोळशाची भुकटी येते म्हणून दोन्हीकडच्या खिडक्या लावलेल्या. पलीकडच्या डब्यात एक बाई हमालावर ओरडत होती, "पाटी सरळ धर रे, लाडू आहेत त्यात, वाळू नव्हे!" आणि मग खोकली. मी मनात म्हटलं, जगात अनसूयाबाई एकच नाही म्हणायची. डोक्यावरून पदर घेऊन डोळे मिटले.

अकोल्याला उतरले. टांगेवाला म्हणाला, "कुठी जाचं माय?" मी म्हटलं मोर्णा नदीच्या पलीकडे, मोरोपंत वकिलांकडे. वाटेत काय काय बोलायचं ते जुळवत होते.

दारात मोरोपंत एकटे, शाल गुंडाळून उन्हात बसलेले. मला पाहून उभे राहिले, आणि पहिल्यांदा त्यांनी माझ्या मागं रस्त्यावर पाहिलं.

"तुम्ही? म्हणजे, त्या भेटल्या नाहीत तुम्हाला?"

"कोण त्या?"

"ही आणि रमा. सकाळच्या गाडीनं अमरावतीला गेल्या की!"

मी ओट्यावर बसले. गाठोडं खाली ठेवलं नाही, मांडीवरच घेऊन बसले.

"न कळवता?" मी विचारलं.

"मी म्हटलं हो, दोन ओळी टाक आधी. तर म्हणाली, कळवलं तर त्यांना वाटेल आपण परवानगी मागतो."

मी गाठोड्याची गाठ उगीचच परत आवळली.

मोरोपंतांनी पाणी दिलं. मग स्वतःहून म्हणाले, "आमच्या हिची चूक काढू नका. थोरली सून होती आमची, आठवत असेल. तिला नवव्यात माहेरी पाठवली होती. परत आली नाही. मूलही नाही. तेव्हापासून ही कोणाला दाराबाहेर सोडत नाही."

"मग आज कशी सोडली?"

"सोडली कुठं? स्वतः बरोबर गेली."

नववा महिना, गाडीचे हादरे, आणि घराला कुलूप. गंगूबाईनं किल्ली दिली असेल ना? दिली असेल. दिलीच असेल. रात्री परतीची गाडी आहे, मी तीच धरते म्हणून उठले. मोरोपंत माझ्या आणि दाराच्या मध्ये उभे राहिले. दम्याचा माणूस, पण उभे राहिले.

"आता तुम्ही निघाल," म्हणाले, "आणि तिकडे घराला कुलूप पाहून ती रमेला घेऊन परत फिरली असेल तर?"

मी परत बसले. कधी नव्हे ते दुसऱ्याच्या म्हणण्यानं बसले.

शेजारची म्हातारी सोबतीला निजायला येणार आहे. दशम्या फडक्यात तशाच बांधून ठेवल्या.

१८ जानेवारी

कामाला हात लागल्याशिवाय मला राहवत नाही. विहीणबाईंच्या स्वयंपाकघरात गेले. म्हटलं पाहू तरी काय तयारी केलीय ह्यांनी.

जुन्या लुगड्यांची दुपटी, शिवून, घडी घालून. माझ्यापेक्षा टाके बारीक. अळीव निवडलेले. न्यायच्या पाटीत मावले नाहीत ते डिंकाचे लाडू पितळी डब्यात. कोपऱ्यात पाळणा, नवी दोरी लावलेला. सगळं दोनदा झालंय. दोन घरं, दोन पाळणे, आणि रमा एकटी.

देवघरात थोरल्या सुनेचा फोटो आहे. वच्छलेच्याच वयाची. मी तिला फूल वाहिलं.

मोरोपंतांनी रात्रीच मुर्तिजापूरला निरोप धाडला होता, तो मिळताच दोघे मेहुणे अमरावतीला गेले. दुपारी हरिहरची तार आली, तारघरातली. "रमा पोचली कळा सुरू गंगूबाई आणि विहीणबाई दोघी जवळ तू निघू नकोस." तार वाचून मी मोरोपंतांच्या हाती दिली आणि परसात गेले. तुळशीला पाणी घातलं. घातलेलंच होतं, परत घातलं.

माझी पोर माझ्याच खोलीत, आणि मी इथं. तिथं जी बसलीय तिच्याही सुनेनं डोळे मिटले होते. आणि माझे हात इथं मागं बांधलेले. ते हात शिवशिवणं काय असतं ते हरिहर सांगत होता, तेव्हा मी त्याला हसले होते.

१९ जानेवारी

तार आली. "मुलगी दोघी सुखरूप."

मोरोपंत मोठ्यानं रडले, मग खोकले. मी आधी देवापुढं साखर ठेवली, मग स्वयंपाकघरात गेले, पितळी डबा उघडला आणि अनसूयाबाईंचा लाडू खाल्ला. आता जेवायला हरकत नाही. सुंठ जास्त पडलीय. मग दुसरा खाल्ला.

पोस्टकार्ड मागवून घेतलं. टाकण्याआधी इथं उतरून ठेवते:

"सौ. अनसूयाबाई यांस सप्रेम नमस्कार. तुमची प्रकृती कशी आहे? जागरणानं खोकला वाढला असेल. फडताळात वरच्या कप्प्यात काळी बाटली आहे, तो काढा घ्या, कडू आहे पण घ्या. रमेची प्रकृती कशी आहे? ताप नाही ना? कंबर शेकता ना? बाळीची प्रकृती कशी आहे? दूध ओढते का? गंगूबाईला जेवूखाऊ घालता ना? हरिहर आणि कमलाकांतराव एका पंगतीला बसतात का? इकडे तुमच्या यजमानांची प्रकृती बरी आहे. छातीला तेल चोळायला सांगितलं, ऐकतात.

"तारेत मुलगी झाली असं आहे. नाक कोणाचं आहे ते तारेत नाही. तारा ओढणाऱ्यांच्या घरची तार अशीच असायची. तुम्ही सविस्तर लिहा. रमा फार ओरडली का? वच्छलेचं नाव तिनं घेतलं का? तुमच्या थोरल्या सुनेला मी रोज फूल वाहते.

"माझे लाडू डाव्या हाताच्या फडताळात आहेत. डाव्या म्हणजे तुम्ही चुलीकडे तोंड करून उभ्या राहिलात तर तुमच्या डाव्या. तुमचे मी इथं खाल्ले. सुंठ जास्त आहे. दोन खाल्ले.

"आता एक विचारायचं आहे. मी येऊ का? की बाळीला सव्वा महिना होईपर्यंत तुमचं घर सांभाळू? हे मी विचारते आहे, कळवत नाही. तुम्ही ये म्हणाल तर येईन, थांब म्हणाल तर थांबेन. उत्तर येईपर्यंत मी इथून हलत नाही. तुम्हीही हलू नका. दोघींना एकदम चांगुलपणा सुचला तर पोर परत गाडीत बसेल. तेव्हा लवकर उत्तर पाठवा. पोस्टमन सकाळी येतो, मी ओट्यावरच बसून आहे."